फुटलेला शाळिग्राम

कोकणातल्या एका गावात दोन जावा एकाच घरात नांदत होत्या. देवपूजेचं काम थोरलीकडे होतं. धाकटी नुकतीच लग्न होऊन आली होती. ती फुलं वेचून देवघरात ठेवायची.

घरात आजेसासऱ्यांच्या वेळचा एक काळा, गुळगुळीत शाळिग्राम होता. एके सकाळी पुसताना तो थोरलीच्या हातून निसटला आणि फरशीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. आत गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं होतं. थोरली घाबरली. तिने तुकडे ताम्हनात ठेवले आणि ती मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने सासूबाईंची किंकाळी ऐकू आली. "देव फुटला! आत्ता फुलं ठेवायला कोण आलं होतं?"

"मी आले होते," धाकटी म्हणाली. "पण मी हातसुद्धा लावला नाही हो!"

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घातली आणि ती तांदूळ निवडत राहिली.

सासूबाईंनी दोष धाकटीवर टाकला आणि त्या दिवसापासून तिला देवघर बंद झालं. आरतीच्या वेळी ती उंबऱ्याबाहेर उभी राही. हळदीकुंकवाला बायका तिच्याकडे बघून कुजबुजत. थोरली हे सगळं पाहत होती. पण खरं सांगायला तिचं तोंड उघडत नसे.

पावसाळा सरल्यावर सासूबाईंचे भाऊ नेपाळातल्या मुक्तिनाथाची यात्रा करून आले. तुकडे पाहून ते हसले आणि बहिणीला म्हणाले,

"अगं गोदे, रडतेस काय? शाळिग्राम मिळतात त्या गंडकी नदीच्या काठी असे फुटलेले कितीतरी पाहिले मी. शाळिग्राम फुटला तरी पूजेतून जात नाही. आणि हे वेटोळं बघ. आज हिमालय आहे ना, तिथे फार पूर्वी समुद्र होता. त्यात असं कवच घेऊन पोहणारे जीव होते. मेले की तळाच्या गाळात रुतायचे. त्या गाळाचा दगड झाला, तळ वर उचलला गेला, त्याचे डोंगर झाले. त्यातलाच हा एक जीव."

सासूबाईंना हायसं वाटलं. त्यांनी हाक मारली, "धाकटे, आत ये गं! दोष नाही म्हणे. झालं गेलं, मी मनातून काढून टाकलं."

धाकटी उंबऱ्यावरच थांबली. "दोष नसेल, सासूबाई. पण मी फोडलाच नव्हता."

आता गप्प बसणं थोरलीला किती सोपं होतं! पण धाकटीचा चेहरा तिला बघवेना.

"माझ्या हातून पडला," ती म्हणाली.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. धाकटीने विचारलं, "त्या सकाळी तुम्ही घाबरलात, जाऊबाई, ते मला कळतं. पण मग रोज मला इथे बाहेर उभी बघत होतात, तेव्हा?"



दुसऱ्या दिवशी थोरली घरोघरी गेली आणि स्वतःच्या तोंडाने खरं सांगून आली. प्रत्येक घरी कुणी ना कुणी तिला धाकटीचाच प्रश्न विचारला. प्रत्येक घरी ती मान खाली घालून उभी राहिली.

तात्पर्य एवढंच: हातून घडलेली चूक पोटात घातली जाते, पण आपल्या चुकीसाठी दुसऱ्याला सोसताना बघत राहिलो, तर त्याची लाज आपल्यालाच वागवावी लागते.