अर्ध्या लक्षाची उमेदवार

मानसशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. दाभोळे यांचा संशोधनविषय अवधान, म्हणजे माणसाचं लक्ष. पीएच.डी.च्या मुलाखतीला केतकी आली, तेव्हा तिचं तान्हं बाळ दाराबाहेर आजीच्या मांडीवर झोपलं होतं. आपल्याला झेपेल का, ही धाकधूक तिलाही होतीच.

"हे बघा केतनाताई, तुमचं अर्धं लक्ष बाळाकडे राहणार. असं संशोधन होतं का?" सर चहा ढवळत म्हणाले.

"अर्धं आहेच, सर. पण तेवढ्यातही कळलं, की हेच तुम्ही मघाशीही विचारलं होतंत, माझं नाव केतकी आहे आणि चहा तुम्ही पेनानं ढवळताय. तुमचं लक्ष तर पूर्ण आहे ना?"

सरांनी पेन हळूच बाहेर काढलं.

"हिला मी मार्गदर्शन करते," मुलाखत घ्यायला सरांशेजारी बसलेल्या प्राध्यापक गुर्जरबाई म्हणाल्या.

बाहेर बाळ कुरकुरलं. ते फक्त केतकीला ऐकू आलं.