परटिणीने पारखलेली मोटार

“गाडीला हात लावायचा नाही. बॉनेट उघडायचं नाही. पाहुण्यांना किंवा त्यांच्या ड्रायव्हरला एकही प्रश्न विचारायचा नाही. आणि उद्या दरबार उठायच्या आत गाडीतली खोट आम्हांला दाखवायची. नाही जमलं, तर बहिणीला घेऊन संस्थानाबाहेर चालू पडायचं!”

आंबेतळ्याच्या भैरोजीराव महाराजांनी आपला बग्गीवाला सिदू याला हा हुकूम दिला, आणि सिदूच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्याचा गुन्हा एवढाच, की मोटार घेण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघावं, असं तो बोलून गेला होता. मोटार होती पाहुणे म्हणून आलेल्या वरकोटच्या राजांची, इंद्रसेनरावांची. बारा वर्षांची, परदेशी, गर्द हिरवी, आत चांदीची फुलदाणी. घाट उतरून ती आंबेतळ्याला आली तेव्हापासून भैरोजीराव महाराजांना दुसरं काही सुचत नव्हतं. साडेअकरा गावांचे राजे, पण बग्गीतून हिंडायची त्यांना आता लाज वाटू लागली होती.

गाडी पारखण्यात महाराजांनी काही कसूर केली होती, असं मात्र नाही. भोंगा तीनदा वाजवून पाहिला. गादीवर दोनदा उडून पाहिलं. आरशात मिशा पाहिल्या. बारा वर्षांत गाडी अवघी चार हजार मैल चालली, असं मैलांचा काटा सांगत होता, आणि काट्याला खोटं बोलायचं काय कारण, असं महाराजांचं म्हणणं पडलं. रोज सकाळी इंद्रसेनराव त्यांना नगारखान्यापासून वाड्याच्या दारापर्यंत फिरवून आणत. रस्ता सगळा उताराचा. इंजिनाचा जरासुद्धा आवाज येत नाही, म्हणून महाराज खूश होते. सिदूला नेमकी त्याचीच शंका आली होती. शिवाय रात्री सगळं गाव जेवून आडवं व्हायचं, आणि सकाळी दारातली गाडी पुन्हा नगारखान्यापाशी दिसायची. ती चढ कशी चढते, ते कुणी पाहिलं नव्हतं.

सिदू घरी आला तो रडकुंडीला येऊनच. त्याची थोरली बहीण साळू ही वाड्यावरची परटीण. आंबेतळ्यात पाहुणा कितीही मोठा असो, त्याचे आणि त्याच्या नोकरांचे कपडे साळूच्या धुण्याच्या घाटावर यायचे, हा जुना रिवाज. ती पाहुण्यांचंच गाठोडं सोडून बसली होती. तिने भावाचं सगळं ऐकून घेतलं, मग महाराजांच्या अटी पुन्हा एकदा म्हणायला लावल्या.

“कापडाचं काय बोलले न्हाईत ना?” तिने विचारलं. सिदूने नाही म्हणून मान हलवली. साळूने गाठोडं न धुताच परत बांधलं.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात ती गाठोडं घेऊन उभी राहिली. परटिणीला मोटारीतलं काय कळतं, म्हणून मानकरी हसले. इंद्रसेनराव सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांच्या शेजारी चौथऱ्यावर विक्रीचा कागद लिहून तयार होता, फक्त महाराजांची सही व्हायची होती.

“मोटारीतलं काय बी कळत न्हाई, सरकार,” साळू म्हणाली. “कापडातलं कळतं. कारकुनाचं धोतर बुडाला विरतं. घोडेस्वाराची विजार मांडीला फाटते. ही बगा पाव्हण्यांच्या डायवरची विजार.”

तिने विजार उलटीसुलटी करून दाखवली. गुडघे झिजून जाळी झाली होती, आणि बूड मात्र कालच शिंप्याकडून आल्याइतकं कोरं होतं. मग तिने त्याचा कोट पसरला. पाठीवर तेलाचे डाग, एकावर एक, जुने आणि ताजे. म्हणजे माणूस गाडीखाली उताणा पडून असतो. उजवी बाही काखेत उसवलेली आणि चारदा शिवलेली. म्हणजे इंजिन सुरू करायला हँडल मारमारून हात भरून येतो. डावा खांदा घासून विरलेला, आणि त्यावर हिरवा रंग.

“बारा वरसांची गाडी आन् रंग अजून अंगाला लागतोय,” साळू म्हणाली. “खाली किती गंज झाकलाय, ते रंगाऱ्यालाच ठावं. ज्या गाडीत तिचा डायवर बी बसत न्हाई, त्या गाडीत सरकार काय बसणार?”

दरबारातलं हसू थांबलं. इंद्रसेनराव लाल झाले. आपला ड्रायव्हर अडाणी आहे, गाडी पुसताना त्याने अंगाला रंग फासून घेतला असेल, एका नोकराच्या चिंध्यांवरून राजाला खोटं ठरवणार काय, असं त्यांनी सुनावलं. भैरोजीराव महाराज मूळचे हट्टी. त्यांनी सहीसाठी टाक उचलला. सिदूने डोळे मिटून घेतले.

साळूने गाठोड्यात पुन्हा हात घातला आणि एक रेशमी अंगरखा बाहेर काढला. सोन्याची सहा बटणं, आणि उजवा खांदा घासून विरलेला. त्यावर तोच हिरवा रंग.

“डायवरचा डावा खांदा, ह्येचा उजवा,” ती म्हणाली. “दोगं मिळून ढकलत्यात, सरकार. ह्यो अंगरखा कुनाचा, ते म्या सांगनार न्हाई. ज्येचा आसंल त्येनं उठून घिऊन जावा.”

कुणी उठलं नाही. आंबेतळ्यात रेशमी अंगरखा घालणारे दोघेच. त्यांतल्या एकाने आपला खांदा चाचपून पाहिला. दुसरा छताकडे पाहत होता.

भैरोजीराव महाराजांनी टाक खाली ठेवला आणि ते हसू लागले. आधी मिशीत, मग पोट धरून. डोळे पुसत त्यांनी विक्रीचा कागद फाडला, सिदूला दिलेला हुकूम मागे घेतला आणि फर्मावलं, “या अंगरख्याला मालक नाही, असं दिसतं. बटणांसकट तो साळू परटिणीचा! का हो इंद्रसेनराव, तुमची काही हरकत?”

हरकत घ्यायची म्हणजे अंगरखा आपला म्हणायचा. इंद्रसेनरावांना निघायची फार घाई होती. पण गाडी वाड्याच्या दारात, सपाटीवर उभी होती, आणि पुढे सगळा घाटाचा चढ. महाराजांनी साळूलाच विचारलं, “काय गं, पाहुण्यांबरोबर आठ माणसं द्यावीत काय?”

“द्या की, सरकार,” साळू अंगरख्याची घडी घालत म्हणाली. “पन जुनी कापडं घालून धाडा. उद्या माझ्याकडंच येनार हाईत धुवायला!”