गार पाण्यातली घटका

एका नगरात विसाजीपंत नावाचे घटका मोजणारे गृहस्थ होते. राजवाड्यासमोर पाण्याने भरलेलं एक घंगाळ असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पंत त्यात सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मग ते घंटेवर टोला देत. सारं नगर त्या टोल्यांवर चाले.

घंगाळात पाणी भरायला म्हाळसा नावाची बाई होती. एका पौषात ती म्हणाली, "पंत, उन्हाळ्यात एक वाटी बुडेस्तोवर माझ्या विहिरीवर चार खेपा होतात. थंडीत पाच होतात. गार पाण्यात वाटी हळू भरते हो."

पंत हसले. "थंडी वाजते म्हणून तूच भरभर चालतेस, दुसरं काय!"

"मग एकदा कढत पाणी घालून बघा की."

"शास्त्र आम्ही शिकलोय, तू नव्हे."

त्याच महिन्यात राजाने विचारलं, "पंत, सावली कलून गेल्यावर दुपारचा टोला का पडतो?"

पंतांना म्हाळसाचं बोलणं आठवलं. पण ते खरं मानलं, तर वीस हिवाळ्यांतले मुहूर्त चुकले हे भर दरबारात कबूल करावं लागलं असतं. ते चाचरले. मग म्हणाले, "महाराज, पाणी भरणारी गढूळ पाणी आणते. गाळाने भोक बुजतं."

म्हाळसाचं काम गेलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "दुहेरी फडक्यातून गाळून ओतत होते मी. तुम्ही रोज बघत होता."

बरीच वर्षं लोटली. पंत म्हातारे झाले. एका सकाळी आंघोळीच्या कढत पाण्यात त्यांनी सहज जुनी वाटी सोडली. ती बघता बघता बुडाली. मग गार पाण्यात सोडली. ती रेंगाळत राहिली. पंतांची आंघोळ तशीच राहिली.

त्यांनी राजाला सगळं सांगितलं. थंडीत घंगाळात कोमट पाणी घालायचा हुकूम निघाला. पंत तडक म्हाळसाच्या गावी गेले.

दारात तिची सून आली. "सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. काय काम होतं?"

"तिचं बरोबर होतं, एवढं सांगायचं होतं."

सून म्हणाली, "गढूळ पाणी आणणारी म्हणून त्यांना पुढे कोणी कामाला ठेवलं नाही."

पंतांना तिथे थांबवेना आणि पाऊलही उचलवेना.

तात्पर्य: आपला मान राखण्यासाठी दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक पुढे कबूल करता येते, पण तिने नासवलेलं त्याचं आयुष्य परत देता येत नाही. म्हणून खरं कोणीही सांगो, ते त्याच दिवशी पडताळून पाहावं.