पाडव्याचं बुकिंग

लावता पैज? या गोष्टीचा शेवट तुमाला वळखता यायचा न्हाई. वळखलात तर माझी तंबाखूची चंची तुमची.

बार्शीत सुभद्रा म्हणून एक शिवणकाम करणारी बाई हुती. नवरा गेल्यापास्नं ती सासूला घेऊन भाड्यानं ऱ्हायची. ही सहावी खोली. सासूचं एकच म्हणणं, "पोरी, मरताना मला आपल्या उंबऱ्यातनं जाऊ दे गं."

पाडव्याला झुंबरशेठ बिल्डरनं नव्या घरांच्या बुकिंगचा मांडव घातला. सुभद्रा साठवलेलं समदं घेऊन गेली, पण मन धजंना. शेठ माईकवर गरजत हुता, "आज घ्या! वर्षात भाव दुप्पट! थांबंल त्यो बोंबलत बसंल!"

सुभद्रा उठली. "शेठ, दुप्पट नक्की?"

"झुंबरशेठचा शबूद हाय, बाई!"

"मग कागदावर लिवा. वर्षानं ह्येच घर तुमी माज्याकडनं दीडपटीनं परत घ्यायचं. वरचा फायदा तुमचाच की!"

शेठच्या घशात पेढा अडकला. मांडव खदखदा हसला, रांग पांगली. सुभद्रा बी हात हलवत घरी आली.

"घेतलंस का गं?" सासूनं इचारलं.

"थांबले, आत्याबाई. पण त्याची अशी जिरवली म्हणून सांगू!"

सासू हसली न्हाई. भिंतीकडं तोंड करून निजली.

वर्षात भाव खरंच दुप्पट झाला. शेठचा सोताच्याच शब्दावर इस्वास नव्हता, त्याला कोण काय करनार?

फुडच्या वैशाखात म्हातारी दवाखान्यातच वारली. वरच्या मजल्यावर घरमालकाच्या पोरीची हळद. मालकानं मढं दाराशी टेकू दिलं न्हाई. सुभद्रेनं तिला दवाखान्यातनंच मसणात नेली.