नानांचं पान

‘‘सोडण्याआधी विचारलं होतंस का?’’

गुरुजींनी सुरुवात याच प्रश्नाने केली, असं श्रीरंगला वाटतं. वाटतं, एवढंच. त्या दुपारचं त्याला पुष्कळ आठवतं. पण त्यातलं घडलेलं किती आणि मागाहून मनाने रचलेलं किती, हे आता त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. गुरुजींच्या शेवटच्या वाक्याबद्दल तर मुळीच नाही.

स्वतःचं उत्तर मात्र त्याला स्वच्छ आठवतं.

‘‘विचारलं की! उपकरणाला ‘थांब’ म्हटलं, त्याने ‘थांबलो’ म्हणून कळवलं, मग मेमरी सोडली. आणखी काय करायचं सर? ओवाळायचं त्याला?’’

गुरुजी केळीची पानं पुसत होते. पुसत राहिले.

काजळी नदीच्या काठी एक लहानसा मठ होता. गुरुजी म्हणजे तिथले केळुसकर सर. उभी हयात त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली आणि निवृत्त झाल्यावर मठाची पंगत सांभाळायला येऊन राहिले. श्रीरंग खांबेटे हा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. निदान श्रीरंगचं मत तसं होतं.

त्याने इस्पितळातल्या खाटेशेजारच्या, ठोके दाखवणाऱ्या पडद्यांसाठी ड्रायव्हर लिहिला होता. रोग्याच्या बोटाला लावलेलं उपकरण आणि संगणक, यांच्यामधला हा दुभाषा. उपकरण आकडे टाकणार, ड्रायव्हर त्यासाठी मेमरीत जागा मागून ठेवणार, आणि काम संपलं की ती परत करणार. परत केलेली जागा संगणक लगेच दुसऱ्या कोणाला तरी देतो.

चाचणीत एका सिस्टरने तक्रार केली होती. एका रोग्याचं उपकरण काढलं आणि क्षणभर त्याचे ठोके शेजारच्या रोग्याच्या पडद्यावर दिसले.

‘‘तिने वाचताना चूक केली,’’ श्रीरंग म्हणाला. ‘‘आमचे साहेबही तेच म्हणतात. उद्या माल गावोगावच्या इस्पितळांत जायचाय. ड्रायव्हर तपासून तुमचा होकार हवा, अशी कंपनीची अट आहे म्हणून आलो. नाहीतर आलोही नसतो.’’

‘‘नाही,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘का नाही? चूक दाखवा. माझ्या प्रोग्रामच्या ओळी समोर आहेत. बोट ठेवा!’’

गुरुजींनी पुढचं पान पुसायला घेतलं.

‘‘चूक असती तर यंत्र बंद पडलं असतं सर. बोंबललं असतं. एकदाही बोंबललेलं नाही.’’

गुरुजींनी पुसलेल्या पानांची चळत त्याच्या हातात दिली.

‘‘दुसरी पंगत खोळंबलीय. उष्टी काढ, नवी पानं मांड.’’

‘‘मी?’’

‘‘हुशार आहेस ना?’’

श्रीरंग रागारागाने ओसरीवर गेला. ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत सगळे उठले होते. एकटे भिकूनाना मागे राहिले होते. दातांनी आणि डोळ्यांनी त्यांना केव्हाच रामराम ठोकला होता. घास तोंडात घोळवत, डाव्या हातात ताकाची वाटी धरून ते स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले होते.

श्रीरंगने भराभर पानं उचलली. नानांपाशी आला.

‘‘नाना, झालं ना?’’

नानांनी मान हलवली.

श्रीरंगने पान ओढलं, जागा पुसली, नवं पान मांडलं, वरच्या बाजूला मीठ वाढलं आणि पुढे गेला. काम कसं चोख! त्याने गुरुजींकडे बघितलं.

गुरुजी नानांकडे बघत होते.

नानांचा उजवा हात खाली आला. भात होता तिथे पडला. चाचपडला. वर सरकला, मिठावर थांबला... चिमूट उचलून तोंडात गेला.

नानांचा चेहरा आक्रसला. पण ते ओरडले नाहीत. चघळून, गिळून, आत हाक मारून म्हणाले, ‘‘द्वारका, आज भात खारट झालाय गं.’’

आतून द्वारकाकाकू ताकाचं भांडं घेऊन तरातरा बाहेर आल्या. ‘‘भातात मी मीठ घालतच नाही, नाना! उगाच माझ्या नावावर खपवू नका!’’

‘‘मी खाल्लाय ना. खारट आहे.’’

‘‘आणि मी शिजवलाय ना!’’

दुसऱ्या पंगतीसाठी थांबलेल्यांत खसखस पिकली. श्रीरंग हसला नाही.

‘‘मी विचारलं होतं,’’ तो गुरुजींना म्हणाला. आवाज चढला. ‘‘त्यांनी मान हलवली! तुम्ही बघितलंत!’’

‘‘बघितलं.’’

‘‘मग यात माझं काय चुकलं? बोला ना सर!’’

गुरुजींनी द्वारकाकाकूंकडे हात केला. ‘‘तिचं काय चुकलं?’’

श्रीरंगने हातातल्या पानांसकट काकूंकडे वळून बघितलं. मग पानं खाली ठेवून अंगणात गेला आणि साहेबांना फोन लावला.

‘‘उद्या माल जाणार नाही... नाही, होकार मिळाला नाही म्हणून नव्हे. मी देत नाही म्हणून... काढा की नोकरीवरून. ड्रायव्हर माझा आहे, मी सोडणार नाही... आणि त्या सिस्टरची माफी मागा. तुम्ही नाही मागितलीत तर मी मागेन.’’

परत आला तेव्हा गुरुजींनी नानांपुढे पहिल्यासारखा भात वाढला होता. काकू ताक ओतत होत्या. पण श्रीरंगची खुमखुमी अजून जिरलेली नव्हती.

‘‘ठीक आहे. मान हलवली म्हणजे झालं असं नाही. हात थांबेपर्यंत वाट बघेन. पण समजा, उपकरण बिघडलं. हात थांबलाय की नाही, हे कधी कळलंच नाही, तर? मेमरी अडकून पडेल. वाया जाईल. आयुष्यभर वाट बघत बसू?’’

गुरुजींनी काय उत्तर दिलं, ते श्रीरंगने पुढे कितीतरी जणांना सांगितलं, आणि दर वेळी ते थोडं लांबत गेलं. त्यात धीर आला, करुणा आली, एकदा तर त्याने ब्रह्मांडही आणलं. मग त्याला स्वतःलाच शंकेने झोप लागेना.

बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा मठात गेला. गुरुजी नव्हते, नानाही नव्हते. द्वारकाकाकू होत्या. त्याने आपलं वाक्य त्यांना पुरतं म्हणून दाखवलं आणि विचारलं, हेच ना?

‘‘इश्श, एवढं कुठलं!’’ काकू म्हणाल्या. ‘‘मी ताक वाढत शेजारीच होते की. गुरुजी म्हणाले, ‘मग पान राहू दे.’’’