दुधाचे दात

डोंगरावरच्या कुरणांना अजून कुणी मालक नव्हता, तेव्हा तिथे शेरडांची एक शाळा होती. शर्यतीत थोराड करडांनी लहानग्यांना तुडवू नये म्हणून बोकडगुरुजींनी नियम घातला होता की, ज्याचा दुधाचा दात पडला तो लहान गटातून बाद.

त्या गटात काबरी सगळ्यांत चपळ. रोज कडा चढायची, बोरीबाभळी ओरबाडायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती खडकावर तोंडघशी पडली आणि पुढचा दात तुटून गेला.

"गुरुजी, दात दगडावर आपटून पडलाय. मी मोठी कुठे झालेय?"

"फट दिसतेय ना? मग बाद! नियम म्हणजे नियम."

शेजारीच गुरुजींचा पुतण्या उभा होता. शिंगं कानांच्या वर गेलेली, दाढी फुटलेली. पण जन्मभर लुसलुशीत कोवळा पालाच खाल्लेला, म्हणून दात शाबूत. तो धावला, दोघांना तुडवून पहिला आला. काबरी कुंपणाबाहेरून बघत राहिली.

बाकीच्या शेळ्या मात्र शहाण्या झाल्या. त्यांनी आपल्या करडांचा कडा बंद केला, काटेरी पाला बंद केला. पुढच्या वर्षी सगळ्यांचे दात जागच्या जागी! गुरुजींनी एकेकाचं तोंड उघडून कौतुकाने पाहिलं.

त्याच दुपारी लांडगा आला. काबरी तेवढी कड्यावर पोचली. वरून तिने जीव तोडून हाका मारल्या, पण त्या चढणीवर एकाही करडाचे पाय टिकले नाहीत.

लांडग्याने कुणाचेच दात तपासले नाहीत.