सोन्याच्या वर्खातला एकटा

"...पण तो एकच आहे, कशावरून?"

टिपणीस बाईंनी असं विचारलं की आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना कळतं, आता धडगत नाही. श्रीनाथला कळलं नाही. पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक.

"बाई, या सोन्याच्या वर्खाला भोकं इतकी बारीक पाडलीत की लेसरच्या प्रकाशाला आरपार जाताच येत नाही. तो तोंडाशीच कोंडून राहतो. तिथं रंग लावलेला रेणू आला की चमकतो. जागाच एकाची आहे."

"जागा एकाची म्हणून एकच बसतो होय?"

आमच्या गावच्या एसटीतून आलेल्या कुणीही याचं उत्तर दिलं असतं.

श्रीनाथने पडद्यावरचा सगळ्यात ठळक ठिपका दाखवला. "हा बघा. सकाळपासून ढिम्म आहे. उद्या परीक्षकांपुढे हाच मांडणार." उद्या त्याची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. एक सुटा रेणू दाखवला तरच पदवी.

"आणि बाकीचे?"

"ते फुसके, बाई. बघता बघता विझतात. काढून टाकले."

बाई उठल्या. लेसरचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं.

"बाई, जळेल तो..."

"जळू दे."

ठळक ठिपका जरा उतरला. थांबला. आणखी उतरला. पुन्हा थांबला. जिना उतरावा तसं त्याचं तेज पायरी पायरीने खाली आलं. एकेका पायरीला एकेक रेणू विझत होता. त्या भोकात चांगला घोळका बसला होता, आणि आमचा गडी त्याला एकटा म्हणून मिरवणार होता.

श्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. "संपलं सगळं," तो म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं त्याचं.

बाईंनी पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. तिथं एक फिकट ठिपका नुकताच उगवला होता. ना कमी होत होता, ना जास्त.

आम्ही तिघं बघत राहिलो...

ठिपका एका झटक्यात विझला. मधे एकही पायरी नाही.

श्रीनाथ हळूच म्हणाला, "गेला, बाई."

"एका झटक्यात गेला ना? मग उद्या याचंच चित्रण दाखव."